चौमाईची खलाटी

कातळशेत गावाच्या खालच्या अंगाला, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या वळणावर, एक मोठी सखल खलाटी आहे. चहूकडे भात लावलेलं असतं, बांधाला बांध भिडलेला असतो आणि मध्येच ही जमीन नुसती मोकळी. नांगर तिला लागत नाही. उन्हाळ्यात तिथं चारी गावांची गुरं चरतात. श्रावणात छातीभर पाणी उभं राहतं आणि बगळे उतरतात. नवखा माणूस हटकून विचारतो, एवढी काळीभोर जमीन ओस का टाकली?

खाजणीचे दामू तांडेल आता ऐंशी ओलांडलेले आहेत. कुणी पाहुणे आले की ते त्यांना वहाळाच्या मुखापासून चालवत इथवर आणतात आणि दगडी गडग्यावर बसवतात. दम खाऊन म्हणतात, "ओस नाही ती. चार गावांनी मिळून राखलेली आहे. तिला चौमाईची खलाटी म्हणतात." आणि मग ते सांगू लागतात.

हा वहाळ माथवलीच्या डोंगरात उगम पावतो. तिथून कातळशेतात येतो, मग सुपारीच्या बागांच्या पोफळवठारात, आणि शेवटी खाडीला लागून असलेल्या खाजणीत. वहाळ एकच, पण फार वर्षांपूर्वी या चार गावांची तोंडं चार दिशांना होती, असं सांगतात. माथवलीकरांनी उतारावरचं रान तोडून नाचणी केली, तर डोंगराची माती कातळशेताच्या भातात येऊन बसली. कातळशेतकरांनी चिडून वहाळाला उंच बांध घातला. खाली पोफळवठारानं आपल्या बागांपुरती दगडी ताल, म्हणजे भिंत, रचली, तेव्हा सगळं पाणी एकवटून खाजणीवर धावू लागलं. खाजणीला खाडीच्या भरतीचं भय होतंच. त्यांनी खाडीकडचा दारांचा बंधारा वाढवला, तर आत आलेलं पाणी भरतीला बाहेर पडेना. जो तो आपल्या दारातलं पाणी दुसऱ्याच्या दारात लोटत होता. होता होता सोयरिकी बंद झाल्या. एका गावची पालखी दुसऱ्या गावात जाईनाशी झाली.

पण मुलं जन्माला यायची काही थांबत नाहीत. म्हणून चारी गावांत जाणारं एकच माणूस उरलं होतं. ती खाजणीची सुईण, आवडाई.

आवडाई तेव्हा पन्नाशीची असेल. अंगानं काटकुळी, पण पाय असे की डोंगर चढताना तरण्याताठ्यांना मागं टाकी. चारी गावांतली निम्मी माणसं तिच्या हातांवर जगात आली होती. कुणाच्या घरी जाताना तिला कुणी अडवत नसे आणि एका गावची गोष्ट ती दुसऱ्या गावात नेत नसे. नवरा लवकर गेलेला. एकच लेक, चंद्रा. खाडीपलीकडे दिलेली ती लेक त्या श्रावणात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. स्वतःच्या लेकीचं बाळंतपण स्वतःच्या हातानं करायचं, या आनंदात आवडाईनं महिनाभर आधी जुनी लुगडी धुऊन, वाळवून, मऊ करून ठेवली होती.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माथवलीहून माणूस आला. राघो गावकरांची सून येसू अडली होती. मूल आडवं होतं. राघो म्हणजे माथवलीचा शब्द. त्यांचा माणूस खाजणीत येऊन हात जोडून उभा राहिला, हेच नवल होतं.

आवडाई उंबऱ्यात घुटमळली. चंद्रा आतून म्हणाली, "आये, जा तू. माझे अजून आठ दिवस आहेत. तिला आजच आहे."

"पाऊस धरून आहे गो."

"मग लवकर जा नि लवकर ये."

आवडाई गेली. येसूनं तिला पुरती दमवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरीप आली तेव्हा कुठं मूल सरळ झालं आणि सुखरूप बाहेर आलं. मुलगा होता. राघो गावकरांनी तिला नवं लुगडं पुढं केलं. तिनं ते काखोटीला मारलं आणि उतारानं खाली निघाली. तोवर आभाळ पुन्हा फाटलं होतं. डोंगरावर इतका पाऊस झाला की पायवाटेचाच ओढा झाला. कातळशेतापर्यंत ती आली तर पुढं वाट नाही. बांध फुटला होता आणि लाल पाणी गर्जत खाली चाललं होतं. ती तिथंच एका पडवीत अडकून पडली. खाली काय झालं असेल हे तिला पाण्याकडे बघूनच कळत होतं, पण पाण्यातून जाता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाजणीत पोचली. घराच्या भिंतींवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ होती. चंद्राला शेजारणीनं माळ्यावर चढवलं होतं, आणि धावपळीत, भयानं, तिच्या कळा आठ दिवस आधीच सुरू झाल्या होत्या. शेजारीण साधी बाई. तिला जेवढं येत होतं तेवढं तिनं केलं. मूल वाचलं. चंद्रा वाचली नाही.

आवडाईनं लेकीचे केस विंचरले, म्हणे. मग पोर मांडीवर घेतलं. मुलगी होती. इतकी लहान की दोन ओंजळींत मावावी. आवडाईनं आयुष्यात शेकडो पोरं आईच्या कुशीत दिली होती. हे एकच पोर असं होतं की ते कुठं द्यायचं हे तिला कळेना. बापाच्या घरीही पाजणारी बाई नव्हती.

पुरानंतर खाजणीत तापाची साथ आली. गावात एकच बाई अंगावर पाजणारी होती, आणि तिचं दूध तिच्याच बाळाला जेमतेम पुरे. तिनं सकाळची एक पाजणी देऊ केली. बाकीच्या दिवसाचं काय? तेव्हा आवडाईनं नात झोळीत बांधली आणि वहाळाच्या काठानं वर चालू लागली. पोफळवठारात नुकतीच बाळंत झालेली एक सून होती. तिनं काही न विचारता पोर पदराखाली घेतलं. दुपार कलताना आवडाई कातळशेतात पोचली. तिथं धर्मा म्हणून एक शेतकरी होता. त्याच्या बायकोनं पाजलं. आणि दिवस मावळायच्या आत ती माथवलीत येसूच्या दाराशी उभी राहिली. येसूनं एका कुशीला आपला मुलगा घेतला, दुसऱ्या कुशीला ही. रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत खाली.

असा तिचा वर्षभर क्रम चालला. वर जायचं, खाली यायचं. चार गावं, चार आया. आवडाईला कुणी विचारी, "पोरीचं नाव काय ठेवलंस?" ती म्हणे, "ठेवू. आधी जगू दे."

कातळशेतात धर्माची बायको पोर घेऊन आत गेली की धर्मा उठून गोठ्यात जाई. पोरीकडे त्यानं कधी बघितलं नाही. आवडाईच्या ते ध्यानात आलं. एके दिवशी ती त्याच्या मागोमाग गोठ्यात गेली.

"धर्मा, तू माझ्याच हातावर जन्मलास. काय ते बोल."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मग म्हणाला, "बांध फुटला नव्हता, आवडाई. मी फोडला. माझं भात बुडत होतं."

आवडाई खाली बसली.  पण तिनं शिव्याशाप दिले नाहीत. तिनं विचारलं, "कधी फोडलास? दिवस किती आला होता?"

"दुपारची भाकरी खायच्या आधी."

"पौर्णिमेचा दिवस तो. खाडीला तेव्हा उधाणाची भरती होती. खालून समुद्र आत येत होता, वरून तुझं पाणी. जाणार कुठं?" मग हळू आवाजात म्हणाली, "तिन्हीसांजेपर्यंत थांबला असतास तर ओहोटी लागली असती. सगळं पाणी निघून गेलं असतं. भात काय, दोन दिवस पाण्यात राहिलं तरी मरत नाही."

धर्मा म्हणाला, "आम्हाला भरती कुठली ठाऊक? आम्ही समुद्र बघितलेला नाही."

"आणि आम्ही खाजणीकरांनी तुझा बांध कुठं बघितलाय," आवडाई म्हणाली.

त्या दिवसापासून, म्हणे, आवडाई वहाळाकडे निराळ्या नजरेनं बघू लागली. डोंगरावर पाऊस पडला की पाणी खाजणीत किती वेळानं पोचतं, कुठल्या वळणावर तुंबतं, कुठल्या झाडाच्या बुंध्यापर्यंत चढतं, ते ती पोरीला झोळीत घेऊन चालता चालता मनात धरून ठेवी. पानाच्या चुन्याची डबी कमरेला होतीच. झाडावर, दगडावर ती बोटानं खूण करी. चारी गावांतल्या कुणालाही जे कळलं नव्हतं ते तिला कळू लागलं, कारण सबंध वहाळ दुसरं कुणी चाललंच नव्हतं.

वर्ष फिरलं. वैशाखात चारी गावं पुन्हा आपापले बांध उंच करायच्या तयारीला लागली. टोपल्या, कुदळी बाहेर निघाल्या. तेव्हा आवडाईनं चारी गावांना सांगावा धाडला, की अक्षय्य तृतीयेला माझ्या नातीचं बारसं आहे, कातळशेताच्या सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर. बारसं राहून गेलं होतं, ते आता करायचं. चार आया आल्याशिवाय पाळण्याला हात लावणार नाही.

आया येणार तर घरचे बाप्येही आले. वीस वर्षांत पहिल्यांदा चार गावं एका झाडाखाली बसली. एकमेकांकडे पाठ करून बसली, पण बसली.

आवडाई उभी राहिली. "आहेरात मला लुगडं नको, पोरीला वाळा नको. चारी गावांनी मिळून एका माणसाचे वर्षाचे तांदूळ द्या. त्या माणसानं पावसाच्या आधीपासून वर्षभर वहाळ चालायचा. भरती कधी ते वर सांगायचं, डोंगरात पाऊस किती ते खाली सांगायचं. कुठं बांध हवा, कुठं नको, हे वर्षाच्या शेवटी त्यानं चौघांसमोर मांडायचं. तोवर कुणी टोपलीभर माती टाकायची नाही."

सड्यावर कुजबुज झाली. राघो गावकर म्हणाले, "खाजणी बुडते, खाजणीनं द्यावे. माथवलीत पाणी शिरत नाही. आम्ही कशाला?"

बोलणं रास्त होतं. आवडाईकडे उत्तर होतं, पण ती लेकीचं नाव तोंडातून काढणार नव्हती. इतके महिने तिनं ते कुणासमोर काढलं नव्हतं.

तेव्हा येसू उठली. सासऱ्यासमोर ती कधी बोललेली नव्हती. पदर पुढं ओढून, पोरीला कडेवर घेऊन ती उभी राहिली. म्हणाली, "मामंजी, हिची आई गेली तेव्हा तिची सुईण आपल्यासाठी वर आलेली होती."

  राघो गावकरांनी नातवाकडे बघितलं. तो सड्याच्या मातीत बसून खडे वेचत होता. मग त्यांनी आपल्या माणसाला हाक मारली आणि म्हणाले, "घरी जा. तांदळाची पायली भरून आण."

मग बाकीच्यांना मागं राहवेना. चारी गावांनी वर्षाचे तांदूळ कबूल केले, आणि त्यातले थोडे थोडे एका हंड्यात पडून तिथंच सड्यावर चूल मांडून शिजवले गेले. चार आयांनी पाळण्याचे चार दोर धरले आणि पोरीचं नाव ठेवलं, चौमाई. वहाळ कोण चालणार, असं विचारलं तेव्हा धर्मा पुढं आला. का, ते त्यानं सांगितलं नाही. आवडाईनंही सांगितलं नाही. तिनं कमरेची चुन्याची डबी काढून त्याच्या हातावर ठेवली.

धर्मा वर्षभर चालला. त्यानं पहिल्यांदा समुद्र बघितला. पुढच्या अक्षय्य तृतीयेला तो सड्यावर उभा राहिला. माथवलीनं उतारावर पुन्हा झाडं लावावीत, पोफळवठारानं ताल एका जागी मोकळी करावी, खाजणीनं बंधाऱ्याची दारं भरतीला बंद ठेवून ओहोटीला उघडावीत, हे त्यानं सांगितलं. एक गोष्ट त्यानं शेवटाला ठेवली होती. ओहोटी लागेपर्यंत पाण्याला थांबायला जागा हवी होती. वहाळाच्या सगळ्या वाटेवर तशी जागा एकच होती. ती त्याची स्वतःची खलाटी, जिच्यासाठी त्यानं बांध फोडला होता.

"ती मी सोडतो," तो म्हणाला.

"आणि खाणार काय?" कुणी तरी विचारलं.

उत्तर आवडाईनं द्यायची वेळ आली नाही. चारी गावांनी ठरवलं, की त्या जमिनीत जेवढं भात व्हायचं तेवढं आम्ही चौघं मिळून धर्माच्या घरी दरवर्षी पोचवू. त्या श्रावणात डोंगर पुन्हा तसाच कोसळला. खलाटी दिवसभर भरत राहिली. तिन्हीसांजेला ओहोटी लागली, खाजणीची दारं उघडली, आणि पाणी गुपचूप खाडीत उतरून गेलं. आवडाई बंधाऱ्यावर नातीचा हात धरून बघत होती. पाणी पुरतं उतरल्यावर ती तिथंच बसली आणि लेकीचं नाव घेऊन पहिल्यांदा मोकळेपणी रडली, असं सांगतात. पोर तिचे डोळे पुसत होती.

चौमाईचं पुढं काय झालं याबद्दल दोन मतं आहेत. तिला चारी गावांत दूधभाऊच एवढे, की नवरा मिळेना, म्हणून खाडीपलीकडे दिली आणि चारी गावं तिला होडीपर्यंत सोडायला गेली, असं काही म्हणतात. माथवलीकर म्हणतात, ती गेलीच नाही. धर्मा थकल्यावर तीच वहाळ चालू लागली. दामू तांडेल दोन्ही सांगतात आणि पाहुण्यांना हवं ते घ्यायला लावतात.

आता चार गावांच्या चार ग्रामपंचायती आहेत. पण आजही अक्षय्य तृतीयेला चारी सरपंच सड्यावर जमतात, वर्षभर वहाळ चालणाऱ्याचं बोलणं ऐकून घेतात, आणि पुढच्या वर्षीच्या खर्चाचा एकच ठराव चारी ठिकाणी करतात. यंदा चालणारी पोफळवठारची एक मुलगी आहे. तिच्याकडे मोबाईल आहे, पावसाचा अंदाज तिला त्यात दिसतो, तरी ती चालते. ठराव झाला की हंडा चढतो. त्यात पहिले तांदूळ माथवलीचे पडतात. माथवलीत पाणी अजून एकदाही शिरलेलं नाही.