बाविसाव्या मिनिटाचा अंगठा

"मग काढून टाकू ना त्याला, भन्तेजी?"

खोब्रागडे सर विहाराच्या पायरीवर उभ्या उभ्याच विचारत होते. चपला काढल्या होत्या, पण बसायचं नाव नव्हतं.

भन्ते खेमपाल ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. शेजारी मीही सोलत होतो. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, शंभरेक माणसांचं जेवण, आणि शेंगा सोलायला आम्ही दोघंच म्हातारे. बाकी सगळे 'येतो, येतो' म्हणून घरी बसलेले.

"कोणाला काढता?" भन्तेंनी विचारलं.

"त्या उलट्या अंगठ्याला."

भन्तेंकडे बटणांचा जुना फोन. त्यांना यातलं काही कळेना. म्हणून सरांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी थोडक्यात सांगतो, कारण सरांना थोडक्यात जमत नाही.

आमच्या विहाराचं मोबाइलवर एक चर्चामंडळ आहे. चार हजारांवर माणसं. सर रोज सकाळी सहाला त्यात आपलं धम्मावरचं भाषण रेकॉर्ड करून टाकतात. खाली लोक आपलं मत देतात. लिहितो कोण, एक चित्र दाबायचं की झालं. जोडलेले हात, लाल बदाम, फूल, टाळ्या. आणि या सगळ्यांत रोज न चुकता एक उलटा अंगठा.

अंगठ्याच्या मालकानं आपलं खरं नाव दिलेलं नाही. 'पाऊलवाट' एवढंच लिहिलंय. आज संध्याकाळी मंडळाच्या पाच जणांची बैठक होती. कोणालाही काढायचं तर भन्तेंचा होकार हवा, हा नियम सरांनीच केलेला. म्हणून ते आले होते.

सर सव्वीस वर्षं हेडमास्तर होते. त्यांनी घसा खाकरला की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगी हैदराबादला. तेव्हापासून सकाळी घरात बोलायला कोणी नाही, म्हणून सर चार हजार लोकांशी बोलतात. हे ते कोणाला सांगत नाहीत. मी शेजारी राहतो, मला भिंतीतून कळतं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. मग आवाज थांबतो आणि सर फोन हातात धरून अंगणात बसून राहतात, कोणी काय दाबलं ते बघत.

"हात किती जण जोडतात?" भन्तेंनी विचारलं.

"चारशे. कधी पाचशे."

"आणि अंगठा?"

"एकच."

"मग?"

"मला तो एकच दिसतो जी," सर म्हणाले.

हे ते असं बोलून गेले की क्षणभर मला त्यांची दया आली. मग त्यांनी आवाज पुन्हा हेडमास्तरांचा केला आणि दया गेली.

भन्तेंनी दाणे सुपात टाकले. "येतो कधी तो?"

"कोण?"

"अंगठा."

सरांना सगळं पाठ होतं. सहाला भाषण टाकलं की एक मिनिट होत नाही तोच पन्नास-साठ जणांचे हात जोडून होतात, हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली. आणि तो? तो उशिरा. सहा बावीस, फार तर सहा तेवीस. रोज. सगळं छान झालं की शेवटी येऊन मिठाचा खडा टाकायचा. मुद्दाम करतो, दुसरं काय.

"तुम्ही बोलता किती वेळ?"

"बावीस मिनिटं."

...

भन्तेंनी एक शेंग सोलली. मग दुसरी.

सरांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं. ते हळूच पायरीवर बसले.

माझ्या डोक्यात उजेड पडला तेव्हा मला आधी माझीच लाज वाटली. पहिल्या मिनिटातल्या त्या साठांत एक जोडी माझी असते. उठतो, चष्मा शोधतो, हात जोडलेलं चित्र दाबतो, चहा ठेवतो. ऐकायला बसतो कोण? बावीस मिनिटं म्हणजे काही थोडी झाली का?

"म्हणजे बाकीचे..." सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगांकडे पाहिलं.

"भन्तेजी, तुम्ही ऐकलंय का माझं?"

"एकदा. वासनिकांच्या फोनवर."

वासनिक म्हणजे मीच.

"सगळं?"

"चार मिनिटं."

"मग?"

"मग मी हात जोडले."

"का?"

"वासनिकांनी फोन बंद करावा म्हणून."

सरांचा चेहरा पडला. एखाद्याला आपल्यासमोर इतकं उघडं पडलेलं पाहायला नको वाटतं. उठून आत जावं असं मला वाटत होतं, पण मांडीवर शेंगांचा ढीग.

"मग मला सांगायचं होतं," सर म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतं. आजही नुसता होकार मागायला आलात."

...

सरांना राग यायला थोडा वेळ लागला, पण आला. बरं, ऐकतो तो शेवटपर्यंत, मान्य. मग आवडलं नाही तर तोंडानं सांगावं माणसानं. काय चुकलं, कुठे चुकलं, दोन ओळी लिहाव्या. हा कुठला न्याय, की अंगठा दाखवायचा आणि पसार व्हायचं. असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, की इतक्या महिन्यांत एक अक्षर लिहिलं असेल तर शपथ.

"कधीच नाही?" भन्तेंनी विचारलं.

सरांनी पायरीवरचं एक टरफल उचललं.

"एकदा लिहिलं होतं," ते म्हणाले. "सप्टेंबरात."

"काय?"

"माहीत नाही जी. मी बघितलं तोवर मिटून गेलं होतं."

हे मिटणं सांगायला हवं. आमच्या मंडळात कोणाच्या लिहिण्यावर पाच उलटे अंगठे पडले की ते लिहिणं मिटतं. तिथे नुसती करडी पट्टी राहते, 'हा मजकूर लपवला आहे' म्हणून. त्या पट्टीवर बोट ठेवलं तर उघडतं, पण ठेवतो कोण. पाऊलवाटचं लिहिणं अर्ध्या तासात मिटलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्या पाच अंगठ्यांत एक माझा होता. मी एक ओळ वाचली नव्हती. आधीचे तीन-चार अंगठे दिसले, म्हटलं सरांच्या विरुद्ध काहीतरी असणार, आपणही दाबावा. शेजारधर्म.

"उघडता येत नाही ते?" भन्तेंनी विचारलं.

"येतं."

"मग?"

"वेळ नाही झाला."

भन्ते त्यांच्याकडे बघत राहिले.

"भीती वाटली जी," सर म्हणाले.

"आज वाचा. मोठ्यानं वाचा, वासनिकांना कमी ऐकू येतं."

मला चांगलं ऐकू येतं.

जानेवारीतून मागे मागे सप्टेंबरात जायला सरांना बराच वेळ लागला. बोट सरकवत होते. रोजचं भाषण, खाली हातांची, बदामांची रांग, पुन्हा भाषण, पुन्हा रांग. मग ती करडी पट्टी आली. सरांनी बोट ठेवलं आणि शाळेत वाचायचे तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"सर, जय भीम. मी रोज पूर्ण ऐकते."

ते थांबले. आम्ही सगळे इतके दिवस 'तो, तो' म्हणत होतो, आणि ही बाई निघाली.

"वाचा," भन्ते म्हणाले.

"तेराव्या-चौदाव्या मिनिटाला तुम्ही 'आमच्या घरी' असं म्हणता आणि थांबता. पाणी पिता. मग पुन्हा अनित्यतेवर बोलायला लागता. ते पुस्तकात आहे, मी वाचलंय. आमच्या घरी..."

सर तिथेच थांबले. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग फोन माझ्या हातात दिला.

पुढचं मी वाचलं. असं होतं ते:

"आमच्या घरी काय झालं ते सांगा. माझे मालक गेले त्याला आठ महिने झाले. ते उशिरा यायचे, म्हणून अजून दाराला आतून कडी लावायची माझी हिंमत होत नाही. दार नुसतं लोटून झोपते. सगळं अनित्य आहे हे मला कळतं हो सर, पण मी कडी लावू की नको? तुमच्याकडेही असंच झालंय असं तुमच्या आवाजावरून वाटतं. तुम्ही कसे राहता ते सांगा. मी रोज त्या जागेपर्यंत येते आणि वाट पाहते. तुम्ही सांगत नाही. मग पुढे सांगाल म्हणून शेवटपर्यंत थांबते. नाहीच सांगितलं की अंगठा खाली करते. राग मानू नका."

...

मी फोन खाली ठेवला. माझं बोट, ज्या बोटानं मी ते मिटवलं होतं, ते मला कुठे ठेवावं कळेना. शेंगा हातात घेतल्या, पण सोलता येईनात.

"चार महिने झाले," सर म्हणाले. "चार महिने ती वाट पाहतेय. आणि मी तिला काढायला आलो."

भन्तेंनी फोन उचलून सरांच्या हातात दिला.

"काढत नाही मी तिला. तेवढं तर झालं. पण ती विचारते ते मला नाही सांगता येणार, भन्तेजी. मी रोज ठरवतो. आज बोलायचं. 'आमच्या घरी' म्हणतो आणि पाण्याचा तांब्या उचलतो. पाणी पितो आणि पुन्हा पुस्तकातलं बोलायला लागतो. तीन वर्षांत मी बायकोचं नाव घेतलेलं नाही. मुलीशी बोलताना 'तुझी आई' म्हणतो. कागदावर लिहायची वेळ आली तर दुसऱ्याला लिहायला सांगतो."

सर इतकं हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मग ते आपणहूनच सांगायला लागले. पंधरा ऑगस्टचं भाषण असो, निरोपसमारंभाचं असो, आदल्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला पूर्ण म्हणून दाखवायचे. ती भाकरी थापत असायची. मध्ये बोलायची नाही. सगळं संपलं की तवा उतरवून म्हणायची, "मला नाही पटलं." एवढंच. सर चिडायचे, रात्री न बोलता जेवायचे, आणि सकाळी उठून भाषण नव्यानं लिहायचे. शाळेत सगळे टाळ्या वाजवायचे आणि सरांना घरी कधी जातो असं व्हायचं.

"मला ती हवी आहे जी," सर म्हणाले. "दुसरं काही नको. हे बदाम नकोत, हात नकोत. तिनं एकदा समोर बसून म्हणावं, मला नाही पटलं. इतकं साधं मागणं आहे, आणि ते कोणाकडे मागू?"

भन्तेंकडे याचं उत्तर असेल असं मला वाटलं. ते मागच्या वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, आमच्याकडे आले आणि इथेच राहिले, तेव्हापासून मी पाहतोय, त्यांच्याकडे कोणी प्रश्न घेऊन आलं आणि रिकाम्या हातानं गेलं असं झालं नाही. अनित्यतेवर तर ते स्वतः दोन तास बोलू शकतात, आणि ते ऐकावंसं वाटतं.

पण ते सूप मांडीवर घेऊन दाणे निवडायला लागले.

सरांनी डोळे पुसले. उठले. चपलांत पाय घातले. बैठकीला जाऊन सांगतो म्हणाले, कोणाला काढायचं नाही. मग पुन्हा वळले.

"उद्या सहाला काय बोलू, भन्तेजी? तेवढं तरी सांगा. तेराव्या मिनिटाला मी पुन्हा थांबणार. ती बाई पुन्हा वाट बघणार."

...

भन्तेंनी सूप बाजूला सरकवलं. हात चिवराच्या टोकाला पुसले. ओसरीवर आपल्या शेजारची जागा हातानं झाडली.

सर चपला काढून तिथे येऊन बसले.

मी उठायला लागलो. या बोलण्यात माझं काय काम? भन्तेंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

मग भन्ते सरांकडे पूर्ण वळून बसले.

"तिचं नाव काय होतं?"