मानेखालची चकती

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढं चालवून घ्या.

मागे एकदा मिरजेत, आमच्या सतारींच्या कारखान्यात, मी रेश्मा नावाच्या गिऱ्हाइकासाठी पहिलीच इलेक्ट्रिक गिटार केली. तारा इतक्या उंच राहिल्या की त्या दाबताना रेश्माची बोटं सोलली. “उद्यापर्यंत जमलं नाही, तर नको मला,” ती म्हणाली.

ती गेल्यावर तारा त्यांना खालून पेलणाऱ्या घोडीला म्हणाल्या, “बाई, जरा खाली बस की.”

“तळाला टेकलेय मी. त्या मानेला सांगा.”

गिटारची मान ताठच होती. “मी मागे रेलले तर सतारी हसतील.”

भिंतीवरची जुनी सतार खरंच हसली. “अगं, माझ्या तारा ओढून सूर घसरवत मींड काढतात, म्हणून त्या उंच. तुझ्या दाबायच्या असतात. माझी ऐट तुला कशाला?”

मान हळूच म्हणाली, “रेलते. पण स्क्रूंनी आवळलंय मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रू काढले, सतारीच्या उरलेल्या लाकडाची चकती पातळ तासून मानेच्या बुडाखाली सरकवली आणि स्क्रू पुन्हा आवळले. मान मागे रेलली आणि तारा खाली आल्या. मग मी स्वतःच रेश्माला बोलवायला गेलो.