किनाऱ्यावरची दोरी

“मग बरोबर शब्द कुठला, बाई?”

यादविगाबाई धुणं वाळत घालत होत्या. कोल्हापूरजवळ वळिवड्याला, दुसऱ्या महायुद्धाने देशोधडीला लावलेल्या पोलिश लोकांची छावणी होती. म्हाताऱ्या बाई तिथल्याच.

इंगवले मास्तर छावणीतल्या मुलांना इंग्रजी शिकवत, आणि बाईंकडे पोलिश शिकत. आता शिकण्यासारखं फारसं उरलं नाही, असं मास्तरांचं मत होतं.

इंग्रजीतल्या ‘सीशोअर’ला त्यांनी तीन पोलिश शब्द शोधले होते. एक म्हणजे नुसता काठ. दुसरा, किनारपट्टी. तिसरा, पोरांनी वाळूत खेळायची जागा.

“तिन्ही बरोबर,” बाई म्हणाल्या.

मास्तर खुलले. मग तक्रारीवर आले. हालिनाने परीक्षेत सगळे अर्थ लिहिले, या एका शब्दापुढे जागा कोरी. उभं करून विचारलं तरी गप्प. शिवाय जुळ्या बहिणीचा हात धरून बसते; हे काय वय आहे? सोमवारपासून तिला एकटीला खालच्या वर्गात बसवणार. लांब झाली की सुधारेल.

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. शिस्तीबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं.

बाईंनी एक ओली चादर पिळली. पिळता पिळता सांगितलं. रशियातल्या कैदेतून सुटलेल्या पोलिश माणसांच्या बोटी इराणच्या किनाऱ्याला लागल्या. तिथे वाळूत दोरी बांधली होती. केस भादरून, कपडे जाळून, आंघोळ घालून ज्यांना निरोगी ठरवलं, ते अलीकडे. तापाची माणसं पलीकडे. दोरी ओलांडायची नाही.

हालिना आणि तिची बहीण अलीकडे होत्या. आई पलीकडे… हाकेच्या अंतरावर.

“मग?” मास्तरांनी विचारलं.

बाई चादर घेऊन धुण्याच्या दोरीखालून पलीकडे गेल्या. मास्तरांकडे पाठ करून मातीत बसल्या.

“हाक मारा.”

मास्तरांनी मारली.

बाई हलल्या नाहीत.

पुन्हा मारली. ऊन चढलेलं, म्हातारं माणूस… मास्तर दोरीखालून जायला वाकले.

“तिथेच थांबा.”

ते थांबले. दोरीवरचं पाणी त्यांच्या मानेवर ठिबकत राहिलं.

“बाई… कुठपर्यंत थांबायचं?”

बाईंनी ती ओली चादर, मढ्यावर घालतात तशी, डोक्यावरून ओढून घेतली. आतून आवाज आला.

“पोरींनीही हेच विचारलं होतं.”