हौसाक्काची बावीस वर्षांची चोरी

बार्शीत त्र्यंबकशेठचा चिवड्याचा कारखाना होता, तेव्हाची ही गोष्ट. आता तिथं पत्रेसुद्धा उरले नाहीत, पण त्या भाजक्या पोह्यांचा वास आठवला की अजून तोंडाला पाणी सुटतं.

तिथं पुड्या बांधणारी हौसाक्का पंचेचाळिसाव्या वर्षी म्हणाली, "शेठ, बास झालं काम. आता घरी बसून खाणार."

शेठ पासष्टीचे, तरी अजून गल्ल्यावर. त्यांना ते झोंबलं. साऱ्या बायकांदेखत ते गरजले, "मालक असून माझं काम सुटंना, आणि तुझ्याकडं एवढा पैका आला कुठनं? चोरी केलीस काय? खरं सांगितल्याबिगर फंडाच्या कागदावर सही करणार नाही!"

हौसाक्कानं पदर खोचला. "केली की चोरी! बावीस वर्षं केली. साक्षीदार दारात उभाय." तिनं न्यायला आलेल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, शेठनी मला पगारवाढ किती वेळा दिली?"

सोपानराव उसळले, "एकदाबी नाही! दर दिवाळीला शिव्या घालतोय मी ह्या कंजूष माणसाला!"

"दर दिवाळीला दिली," हौसाक्का म्हणाली. "घरात कळली असती तर घरानं खाल्ली असती. संसार पहिल्या पगाराएवढ्यातच केला, वाढ तेवढी गुपचूप पोस्टात टाकली. तुमच्या घरी रुपयाच्या आधी खर्च पोचतो, शेठ. म्हणून तुमचं काम सुटंना."

सोपानरावांचा आ मिटेना. बायका हसून हसून लोळल्या.

शेठनी मुकाट सही केली आणि एवढंच म्हणाले, "हौसाक्का, बावीस दिवाळ्यांच्या शिव्या तेवढ्या परत घ्यायला सांग त्याला."