हिवरतळच्या पुरुषांच्या नाकातली नथ

हिवरतळात आलात की आधी माणसांची नाकं बघा. देऊळ नंतर बघा, ते कुठं पळून जात नाही. पारावर टेकलेला म्हातारा असो, शेरडं घेऊन माळाला निघालेला गडी असो, नाहीतर शहरातून सुट्टीला आलेला नोकरीवाला असो, इथं जन्मलेल्या प्रत्येक पुरुषाच्या डाव्या नाकपुडीला भोक आहे. बारशालाच टोचतात. चैत्रात सटवाईची पालखी निघते तेव्हा त्या भोकात नथ अडकवून गावचे सगळे बाप्ये पालखीपुढं चालतात. सरपंच चालतो, पाटलाच्या घरातले चालतात, मिसरूड फुटलेली पोरं चालतात. बाया मागून कळश्या घेऊन येतात.

बाहेरचे लोक हसतात. मोबाइल वर करून फोटो घेतात, नको ती नावं ठेवून जातात. पण ही हौस नव्हे आणि नवसही नव्हे. हा दंड आहे. एका बाईनं अख्ख्या गावाला केलेला. तो का केला ते ऐकून घ्या, मग हसायचं तर हसा.

त्या काळी गावात सणगरांची घरं पुष्कळ होती असं सांगतात. मेंढीची लोकर बायांनी कातायची, बाप्यांनी मागाच्या खड्ड्यात बसून घोंगडी विणायची आणि वर चिंचोक्याची खळ द्यायची, असा त्यांचा धंदा. त्यांतल्या बाळा सणगराची बायको राही. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. तिचे मुलगे जगत नसत. एक पाळण्यात गेला, एक रांगता गेला, आणि एकाचं तर तिनं तोंडही नीट पाहिलं नव्हतं.

मुलगे जगत नसले की त्या वेळी सगळ्या मुलखात एकच उपाय करीत. दैवाला फसवायचं. जन्मला तो मुलगा नव्हेच, मुलगी आहे, आणि तीही नकोशी, असं दाखवायचं. पोराला सुपात घालून शेजारणीच्या पदरात टाकायचं आणि बदल्यात मूठभर कोंडा घ्यायचा. नाक टोचायचं, परकर नेसवायचा, नाव दगडी नाहीतर धोंडी असलं काहीतरी ठेवायचं. पोर जाणतं झालं की सटवाईपुढं नेऊन नथ उतरवायची. तोवर मरण दुसऱ्या घरी निघून गेलेलं असायचं. गावात असे कितीतरी वाढले होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

राहीला चौथा मुलगा झाला. सहाव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर लिहून गेली. बाराव्या दिवशी राहीनं बाभळीच्या काट्यानं लेकराचं नाक टोचलं, पिवळं परकर-झबलं घातलं आणि नाव ठेवलं दगडी. लेकरू जगलं. राहीनं मानलं की फसलं दैव.

नथ उतरवायचं वर्ष आलं. त्या चैत्रात आणखी दोन घरचे मुलगे सटवाईपुढं आणले होते. त्यांनी नथ निघायच्या आधीच परकर भिरकावले आणि उघडेच देवळापुढच्या हिवराच्या झाडावर चढले. सगळे हसले. दगडीची पाळी आली तशी ती आईच्या मांडीला घट्ट धरून बसली. गुरवानं हात पुढं केला तर दोन्ही हातांनी नाक झाकलं. आणि आईला हळूच विचारलं, "आये, ही काढली तर मी कुटं जाऊ?"

लेकराचं बोलणं म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी सोडून दिलं. नथ काढली, धोतराचं फडकं गुंडाळलं, गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी बघतात तो पोरानं बाभळीचा काटा मोडून नाकात घातलेला. बाळानं मारलं. पुन्हा काटा. पुन्हा मार. असं चालत राहिलं. शेवटी मारणारा थकला, काटा काही थकला नाही.

आता गावाला तोंड फुटलं. सासू म्हणाली, गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली असशील. जाऊ म्हणाली, हिला डोहाळे मुलीचे लागले होते, मीच हिला पोरीची चोळी शिवताना बघितलंय. सगळ्यांचं शेवटी एकमत झालं ते असं: राहीनं परकर नेसवला, म्हणून पोर असं झालं. आईनंच बिघडवलं. आणि राहीनं ते खरं मानलं. कुणी उठून तोंडावर बोललं तर माणूस उलटून तरी बोलेल. पण मनातून स्वतःच स्वतःला बोलायला लागलं की कुणाला उलटून बोलायचं? घास तोंडाशी नेताना तिला वाटायचं, आपण केलं. लोकर पिंजताना वाटायचं, आपण केलं. पोराला देवरुष्याकडं नेलं. त्यानं लिंबू कापलं, मिरच्यांची धुरी दिली, लेकराचे डोळे सुजून बंद झाले, आणि राही बाजूला बसून त्याच्या दारातली माती कपाळाला लावत होती. जे सांगितलं ते तिनं केलं. वर्षानुवर्षं केलं.

दगडी वाढली. मागाच्या खड्ड्यात बसायचं वय झालं तरी बसली नाही, बायांच्या पंगतीत बसून सूत कातू लागली. असं बारीक कातायची की तिच्या सुताची घोंगडी बाजारात हातोहात जायची. ती घोंगडी पांघरणाऱ्यांना सूत कुणाचं हे विचारावंसं वाटलं नाही. राही तिला ती म्हणायची, म्हणून आपणही ती म्हणू.

मग पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरी खोल गेल्या, मेंढरं मेली. माणसावर अशी पाळी आली की तो आधी दोष कुणाच्या दारात टाकायचा ते बघतो. सुभानजी पाटलानं चावडी भरवली. गुरव म्हणाला की जत्रेत दगडी बायांच्या रांगेत कळशी घेऊन चालली, देवी कोपली. ठरलं असं: हिवराखाली सगळ्या गावासमोर दगडीची नथ ओढून काढायची, केस उतरवायचे. कबूल नसेल तर शिवेबाहेर काढायचं, आणि त्या शिवेपलीकडं पाणी कुठंच नव्हतं. राहीनं चावडीवर येऊन सांगायचं की पोराला हे मी शिकवलं, माझा गुन्हा.

राही आली. बाळा बरोबर होता, पण तो जमिनीकडं बघत बसला आणि शेवटपर्यंत बघतच राहिला. दगडी आईच्या मागं उभी. राही कबूल करायलाच आली होती असं सांगतात. आपला गुन्हा मान्य केला तर लेकराला निदान गावात राहू देतील, एवढाच तिचा हिशेब. तिनं हात जोडले, तोंड उघडलं, आणि पाटलाकडं बघितलं.

पाटील उन्हाकडं तोंड करून बसला होता. त्याच्या डाव्या नाकपुडीला बारीक भोक होतं. ते रोजच दिसत होतं. गावात कुणाला ते नवं नव्हतं, राहीलाही नव्हतं. पण त्या घटकेला तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. जोडलेले हात तिनं सोडले.

"पाटील, नाकाला काय झालं?"

पाटलाला कळेना. म्हणाला, "काय व्हनार? ल्हानपनी आईनं टोचलं. आमच्या आदीचं दोगं जगलं न्हवतं."

"परकर बी नेसवला आसंल."

"नेसवला आसंल. त्याचं आता काय?"

राही उठली. गुरवाच्या पुढ्यात गेली, त्याची हनुवटी धरून तोंड उन्हात फिरवलं. भोक. पलीकडं कोंडिबा बसला होता, ज्याला कोंड्यावर विकला होता, त्यालाही भोक. केरबा, त्यालाही. परक्या बाप्याच्या तोंडाला हात लावणारी बाई गावानं कधी पाहिली नव्हती, त्यामुळं तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही. भिंतीआड बाया उभ्या होत्या, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी म्हणाली, माझ्या केरबाला तर मी वेणीसुद्धा घालत होते. केरबानं मान खाली घातली.

मग राही बोलली. आयुष्यभराचं न बोललेलं एकदम बोलली म्हणे.

"परकर नेसवून पोर बाई व्हत आसंल, तर हितं निम्मी चावडी बायांची पायजे. तुमाला नेसवला, ह्याला नेसवला, त्याला नेसवला. त्योच काटा, तीच भीती. तुमच्या आयांनी केलं तेच मी केलं. तुमी झाडावर चढलासा, कारन तुमी आतून बाप्येच व्हता. परकरानं तुमचं काय बिघडलं न्हाई. मग माज्या लेकराला परकरानं काय केलं?"

गुरव म्हणाला, मग हे आलं कुठून ते तरी सांग.

"मला काय इचारतोस? तू तिचा गुरव, तिलाच इचार. सटवाई सव्या दिवशी लिहून जाती. तवा पोर उघडं आसतंय. परकर मी बाराव्या दिवशी नेसवला."

राही मागं फिरली, दगडीचा हात धरला, आणि निघताना म्हणाली, "ज्याला हिची नथ वढायची आसंल, त्यानं आदी सोताच्या नाकातलं भोक बुजवून यावं."

इथं गोष्ट थांबायला हवी होती. शहाण्या माणसांचं गाव असतं तर थांबली असती. पण पाटलाला ते लागलं. बाईमाणसानं चावडीत हनुवट्या धरल्या, हे त्याच्या जिवाला झोंबलं. त्यानं सोनाराला बोलावलं आणि आपल्या नाकातलं भोक लाखेनं बुजवून घेतलं. वरून कातडीच्या रंगाचा लेपही लावला. लाख उन्हाला टिकत नाही हे सोनाराला माहीत होतं, पण तो बोलला नाही, असंही काही जण सांगतात.

भर दुपारी, चैत्रातल्या उन्हात, हिवराखाली गाव जमवलं. हिवराची सावली ती केवढी, चाळणीतून पडल्यासारखी. पाटलानं नाक पुढं करून सगळ्यांना दाखवलं. बुजलं, राहीला म्हणाला, आता बोल. न्हावी वस्तरा घेऊन तयार. राहीला दोघींनी धरून ठेवलं होतं. दगडी स्वतःहून पुढं येऊन उभी राहिली. ती पळाली नाही, नाकही झाकलं नाही. लहानपणी विचारलं होतं त्याचं उत्तर तिला तोवर मिळालं होतं म्हणे: कुठंही गेली तरी ती हीच असणार होती.

पाटलानं हात लांब केला. बोटं नथीला लागली, आणि त्याच्याच नाकातून लाख सुटली. लाल ओघळ मिशीवर उतरला, मिशीवरून ओठावर. भोक पुन्हा उघडं. काही म्हणतात सटवाईनं फुंकर घातली, काही म्हणतात ऊन होतं. काहीही असेल. पाटलाचा हात तिथंच राहिला, मागं येईना की नथ ओढवेना.

दगडीला दया आली. तिनं पदराचं टोक घेतलं आणि त्याची मिशी पुसायला गेली. राहीनं धरणाऱ्या बायांना झटकलं, येऊन तिचं मनगट पकडलं.

"पुसू नगंस. दिसू दे."

पाटील खाली बसला. म्हणाला, राहीबाई, चुकलं. गाव तुझी माफी मागतं.

सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं. पण राहीचं मिटलं नव्हतं. तिनं विचारलं, माफी घेऊन मी काय करू? माझ्या लेकरानं डोळ्यांत मिरची सोसली ती माफी मागून निघते का? वर्षानुवर्षं मी भाकरी खाल्ली ती चोरासारखी खाल्ली, त्याचं काय? तुमच्या प्रत्येकाच्या नाकावर उत्तर होतं. रोज तोंड धुताना हात लागत होता. एकानंही सांगितलं नाही. चावडीत बसून बाईला दंड करता, आज दंड मी करते.

आणि तिनं केला. गावातल्या प्रत्येक मुलाचं नाक बारशाला टोचायचं, त्याच्या आधीचे भाऊ जगलेले असोत की नसोत. दरसाल चैत्रात सगळ्या पुरुषांनी नथ घालून पालखीपुढं चालायचं. जाणतं झालेलं पोर सटवाईपुढं आणायचं आणि नथ ठेवायची की काढायची ते त्यालाच विचारायचं. जे सांगेल ते ऐकायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. पाटलानं तिथंच, लाखेनं माखलेल्या मिशीनं, नथ मागवून घातली.

दगडी गावातच राहिली. बायांच्या रांगेत कळशी घेऊन चालली, सूत कातत म्हातारी झाली. पाऊस पडला का, असं लोक विचारतात. पावसाला यायचं तेव्हा तो आला. त्याचा दगडीशी संबंध आधीही नव्हता, नंतरही नव्हता.

आजही हिवराखाली तेच चालतं. बहुतेक पोरं नथ काढून फेकतात आणि झाडाकडं पळतात. एखादं फेकत नाही. आणि आजही कधी आडवळणानं, कधी एस.टी.नं, परगावची एखादी आई अशाच लेकराला घेऊन येते. डोळे खाली, आवाज खाली. घरच्यांनी, डॉक्टरांनी, शेजाऱ्यांनी विचारून विचारून तिला पोखरलेलं असतं. ती सटवाईला विचारते, माझं काय चुकलं. तिला कुणी उपदेश करत नाही. हळदकुंकू लावून पाटावर बसवतात, आणि गावातला सगळ्यांत म्हातारा पुरुष काठी टेकत पुढं येतो, पागोटं काढतो, आणि तिच्यासमोर वाकून नाक उन्हात धरतो. ती बघेपर्यंत त्यानं तसंच वाकून राहायचं असतं. काही बाया नुसतं बघतात. काहींचा विश्वास बसत नाही, त्या बोट लावून बघतात.