लाजली, असे महर्षी म्हणाले

पूर्वी कृतयुगात, उच्चारलेला शब्द सहसा वाया जात नसे अशा काळी, वेणुमती नदीच्या तीरावर वाग्धर नावाच्या महर्षींचा आश्रम होता. कदंब-बकुळांच्या छायेने शीतल झालेल्या, हरिणांनी निर्भयपणे वावरावे अशा त्या तपोभूमीत पहाटेपासून एकच नाद घुमत असे, आणि तो म्हणजे महर्षींचा आवाज. देवी सरस्वतीने त्यांना वर दिला होता, की तू ज्याला जे नाव देशील ते कल्पांतापर्यंत पुसले जाणार नाही. मग काय विचारता! आधीच स्वारी बोलकी, त्यात देवीचा वर. बोलण्याबरोबर थोडे ऐकण्याचेही मागून घ्यावे, हे काही त्यांना सुचले नाही.

महर्षींना निभृता नावाची एकुलती एक मातृहीन कन्या होती. तिच्यावर त्यांचा जीव होता, यात तिळमात्र शंका नको. पण ती बिचारी 'तात' म्हणून तोंड उघडी, तोच महर्षी तिचे वाक्य उचलून आपल्या मनाप्रमाणे पुरे करून टाकीत. हळूहळू ती अर्धेच बोलू लागली, आणि लेक मोठी समंजस निघाली म्हणून महर्षी सुखावले.

अशात एके दिवशी रत्नखचित रथातून एक तेजस्वी राजा आश्रमात आला आणि त्याने निभृतेला मागणी घातली. तो मधुर बोले, महर्षींच्या प्रत्येक वचनाला मान डोलावी. महर्षींना आणखी काय हवे? निभृता मात्र दाराआडून त्याच्याकडे पाहत राहिली. त्याचे ओठ हसत होते, डोळे हसत नव्हते. तो अंगणात उतरला तशी हरिणे रानात पळाली होती, ती परतलीच नव्हती. निभृता धावत पित्याकडे गेली आणि म्हणाली, "तात, हरिणे..."

"कळले, बाळ," महर्षी म्हणाले. "हरिणांचा लळा सुटत नाही ना? सासरीही हरिणे असतील."

मग सभा भरली. ऋषिगणांसमक्ष महर्षींनी कन्येला विचारले, हा वर तुला मान्य आहे काय? निभृतेच्या तोंडून शब्द फुटेना. मान खाली गेली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि पायाच्या अंगठ्याने ती माती उकरू लागली. महर्षी प्रसन्न झाले. शास्त्राचा एवढा मोठा ज्ञाता, तो संधी सोडतो थोडाच! सभेकडे वळून त्यांनी लेकीच्या देहाचे एखाद्या श्लोकासारखे विवरण केले: नत मस्तक ही मर्यादा, अश्रू हा हर्ष, भूमीवरची अंगठ्याची रेघ ही कुमारिकेची लज्जा.

"लाजली," ते म्हणाले. "लाजाळू आहे माझी लेक. मौन हीच तिची संमती."

आणि त्यांनी राजाच्या हातावर उदक सोडले.

रथ निभृतेला घेऊन निघून गेला. सभा 'धन्य धन्य' करीत होती आणि महर्षी कन्यादानाचे माहात्म्य सांगत होते, तोच रानाच्या कडेकडून किंकाळी आली. आणि काय सांगावे, महर्षींनी हात वर करून सभेला थांबवले, कारण त्यांचे वाक्य अजून पुरे व्हायचे होते! वाक्य पुरे झाले. मग त्यांच्या ध्यानात आले की आवाज निभृतेचा होता. ते लगबगीने उठले, आणि जिथे ती उभी होती त्या जागेवर त्यांची दृष्टी गेली. लाजऱ्या मुलीची रेघ पुसटशी असते. ही रेघ वीतभर खोल होती, आणि तिच्यात रक्त होते. आयुष्यात प्रथमच ते काही न बोलता धावत सुटले.

रानाच्या कडेला राजाचे सोंग गळून पडले होते आणि कराल नावाचा असुर आपल्या खऱ्या रूपात उभा होता. त्याने निभृतेच्या मनगटाकडे हात नेला. महर्षी पोहोचले तेव्हा ती भूमीला कवटाळून म्हणत होती, "माते वसुंधरे, माझ्या पित्याने मला ऐकले नाही. तू तरी ऐक." भूमी दुभंगली आणि मिटली. असुराच्या हाती आले एक इवलेसे काटेरी झुडूप, त्याच्या स्पर्शाने पाने मिटून घेणारे. बोटे रक्तबंबाळ झाली तसा तो चरफडत निघून गेला.

महर्षींनी तिथेच गुडघे टेकले आणि पश्चात्तापाला वाट करून दिली. काय ती वाणी! एकेक शब्द पाषाणाला पाझर फोडील असा. पण पाने काही उघडेनात. तेव्हा सरस्वती प्रकट झाली.

"वाग्धरा," ती म्हणाली, "अजून तूच बोलतो आहेस."

शरमेने महर्षींचे मुख काळवंडले. ते गप्प झाले, चार पावले मागे सरून बसले, आणि बऱ्याच वेळाने एकेक पान उलगडू लागले. ते पाहून त्यांना रडू कोसळले. निदान मी दिलेले ते खोटे नाव तरी पुसून टाक, अशी त्यांनी देवीला याचना केली. देवी खिन्न झाली. तुझे नाव पुसले जाणार नाही, हाच तर तुझा वर आहे, एवढे सांगून ती अंतर्धान पावली.

त्यानंतर महर्षी त्या झुडपाशेजारीच राहिले. वाटसरू येत, कौतुकाने पानांना बोट लावीत, किती लाजाळू म्हणून हसत. तो शब्द कानी पडला की महर्षी मान खाली घालीत आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरीत. वाटसरूंना वाटे, महर्षी प्रसन्न झाले. ते नमस्कार करून पुढे जात.

कालांतराने महर्षी गेले, आश्रम गेला, वेणुमतीचे पात्रही कोरडे पडले. नाव तेवढे राहिले. आजही वाटेवर कुणी बोट लावते, काटेरी देठावरची पाने मिटतात, आणि बोट लावणारा हसून म्हणतो, लाजली.