हाताएवढा डाग

"...पण खाऱ्या वाऱ्याचा गंज नेमका मशीनच्या टेबलाच्या मधोमधच बसला का रे?" धाकू मेस्त्रींनी विचारलं.

मोरेश्वरनं हातातली झेंडूची माळ बाजूला ठेवली.

रंधा मशीन मेस्त्रींच्या बापापासूनचं. बिडाचं, दणकट. खाडीकाठच्या त्या कारखान्यात माणसं दारं-खिडक्या सांगायला यायची आणि आधी मशीनच बघत उभी राहायची. आता मेस्त्री थकले होते. पावसाळ्याच्या तोंडावर ते हाताखालच्या मोरेश्वरला म्हणाले होते, "हे साफ कर. खंडेनवमीला गंज दिसला नाही, तर पूजा तू करायचीस आणि मशीन तुझं."

मोरेश्वरनं कसर ठेवली नाही. घासलेट, पॉलिश पेपर, वर तेलाचा हात. सांदीकोपऱ्यातला बापजाद्यांचा गंजसुद्धा खरवडून काढला. टेबलात बघून भांग पाडावा, अशी चकाकी. काम चोख, त्यात दोन मतं नाहीत.

मग काय, येईल त्याला मशीन दाखवणं आलंच. तेलानं चमक मरते म्हणून आधी तेल पुसायचं, मग टेबलावर थाप मारून म्हणायचं, "बघा, काय माल आहे." शेवटच्या गिऱ्हाइकालाही असंच दाखवून त्यानं वर कापड घातलं होतं.

आज झेंडूची माळ घेऊन त्यानं ते कापड ओढलं, तर खाली तांबूस डाग.

"हवाच खारी, मेस्त्री. लोखंडानं किती सोसायचं?"

"असेल... हात ठेव बघू."

"कुठे?"

"डागावर."

मोरेश्वरनं हात ठेवला. एकेक बोट डागात बसलं. करवतीत अर्धी गेलेली करंगळीसुद्धा तंतोतंत जुळली.

मेस्त्रींच्या खांद्यावर कायम एक तेलकट फडकं असायचं. मशीनला हात लागला, की मागोमाग फडकं फिरायचं. गप्पा मारतानाही, चहा पितानाही. मोरेश्वर इतकी वर्षं ते बघत होता आणि म्हाताऱ्याची खोड म्हणून मनात हसत होता.

आता त्याला त्या फडक्याकडे बघवेना.

"माझाच घाम..." तो पुटपुटला. "म्हणजे मशीन गेलं माझं."

मेस्त्रींनी तेलाची बाटली उचलली. मोरेश्वरला वाटलं, टेबलावर ओततील. त्यांनी धार धरली ती त्याच्या तळहातावर. मग खांद्यावरचं फडकं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं.

"तुझी खूण पुसून निघाली, की मशीन तुझं."